डावा कमी वाजतो

आमच्या घरात 'कानातलं' या शब्दावरून एकदा चांगलीच गंमत झाली होती. नारायणगावला बाजाराला गेलो होतो, तिथून सौ.ला फोन करून सांगितलं, "कानातलं घेतलंय, येतोच." घरी आल्यावर पिशवीतून निघाला काळ्या वायरचा, तीनशे रुपयांचा ईअरफोन. पुढचे दोन दिवस चहा जरा फिकाच मिळाला. तेव्हापासून या वस्तूला दुकानदारांच्या भाषेत 'हँड्सफ्री' म्हणायचं असा आमच्याकडे ठराव झाला आहे.

तर मंडळी, आज या हँड्सफ्रीविषयी. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांना हा नाद कुठून लागला, असं तुम्ही म्हणाल. 'नाद' हाच शब्द बरोबर आहे. मला रात्री झोप कमी. येडगावात नऊ वाजता सगळं शांत होतं. धरणाकडून वारा येतो, लांब कुठेतरी मोटारीचा पंप चालू असतो, आणि मी मात्र टक्क जागा. अशा वेळी तानपुरा लागलेला ऐकावा, एखादा अभंग ऐकावा असं वाटतं. मोबाईलचा स्वतःचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि तो मोठा केला की शेजारच्या खाटेवरून "अहो, वाजले किती?" हा प्रश्न ठरलेला. म्हणून कानात घालायचं यंत्र आणलं, ते बिघडलं, दुसरं आणलं. असं करता करता सहा वर्षांत पाच प्रकार वापरून झाले.

मास्तरकीची खोड जात नाही. मी एक दोनशे पानी वही घातली. रकाने आखले: कधी घेतला, किंमत, आवाज दहापैकी, टिकाऊपणा दहापैकी, आणि शेवटी शेरा. परीक्षा सगळ्यांना सारखी. तीन पेपर. पहिला, नुसता तानपुरा पाच मिनिटं. दुसरा, भीमसेनजींच्या आवाजातला अभंग, त्यात पखवाजही आहे आणि टाळही. तिसरा, पुलंचं कथाकथन, म्हणजे नुसतं बोलणं. घरात वेगळे पेपर काढायची गरज नव्हती, कारण ह्या तीन गोष्टी मला पाठ आहेत. कुठे काय ऐकू यायला हवं ते मला ठाऊक आहे. निदान माझी तशी समजूत होती!

आधी वहीतलं सांगतो, कारण त्यातलं बरंचसं तुमच्याही उपयोगाचं आहे.

पहिला विद्यार्थी म्हणजे मोबाईलबरोबर फुकट आलेला. कडक प्लास्टिकच्या बोंडांचा, कानाच्या पाळीत नुसता अडकवायचा. याचा आवाज स्वच्छ पण पोकळ. पखवाज असा वाजायचा की कुणी शेजारच्या आळीत खोकं बडवतंय. त्याचं कारण नंतर कळलं. असा ईअरफोन कानाचं भोक बंद करत नाही, त्यामुळे खर्जातला आवाज बाहेरच्या हवेत विरून जातो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची राहिली तर तो जसा वाजेल, तसंच काहीसं. आवाजाला पाच गुण. पण एक गुण वेगळा द्यायला हवा. हा घातल्यावर बाहेरचंही ऐकू येतं. कुणी हाक मारली, कुत्रं भुंकलं, तर कळतं.

दुसरा तो 'कानातलं'वाला. रबराच्या टोपीचा, कानाच्या आत जाणारा. पाकिटात रबरं तीन मापांची, लहान, मध्यम, मोठं. बहुतेक लोक लावून आलेलं मध्यम तसंच ठेवतात आणि बाकीची दोन मापं टीव्हीखालच्या खणात पडून राहतात. मीही तेच केलं. आवाज काही भरेना. मग एके दिवशी मोठं रबर लावून पाहिलं, आणि काय सांगू, पखवाज एकदम घरात आला! ही माझ्या वहीतली सगळ्यात स्वस्त सुधारणा. नवीन घ्यायच्या आधी खणातली रबरं शोधा. रबर कानात नीट बसलं तर तीनशेचा हजारासारखा वाजतो, आणि नाही बसलं तर पाच हजारांचाही रडतो.

पण टिकाऊपणात हा नापास. सात महिन्यांत पिनेजवळ वायर गेली. वाकडी धरली की वाजायचा, सरळ केली की बंद. हे सगळ्यांचं तिथेच का तुटतं, याचा मी विचार केला. उत्तर आमच्या टोमॅटोच्या वावरात सापडलं. मांडवाची तार तोडायला जवळ पक्कड नसली की आपण काय करतो? एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवतो. दहा-वीसदा वाकवली की तार त्या जागी आधी ताठ होते आणि मग तुटते. ईअरफोनच्या वायरीत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात, आणि खिशात मोबाईल घालताना आपण त्या रोज त्याच जागी वाकवतो. म्हणून सरळ पिनेपेक्षा काटकोनात वळलेली पिन जास्त टिकते. पिनेच्या मुळाशी लांब, लवचीक रबरी बाही असलेला घ्यावा. वायर मोबाईलला गच्च गुंडाळून ठेवू नये. बोटांवर सैल वेटोळं करावं.

या पिनेचा इतिहासही गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तारा जोडणाऱ्या ऑपरेटरच्या हातात जी जाड पिन असे, तिचीच ही बारकी नात. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि साडेतीन मिलिमीटरची ही पिन जगभर खिशात जाऊन बसली. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून तिचं भोकच काढून टाकलं. मग एकामागून एक बाकीच्यांनीही. शंभराहून जास्त वर्षं टिकलेली गोष्ट फॅशनमधून जायला चार-पाच वर्षं पुरली.

तिसरा, गळ्यात अडकवायचा नेकबँड. हा मला सगळ्यात मानवला. पिन नाही म्हणजे पिन तुटायची नाही. कानातून निसटला तरी गळ्यात राहतो. आवाजाला सात. टिकाऊपणाला आठ, कारण अडीच वर्षं चालला. शेवटी बॅटरी उतरू लागली. आधी आठ तास जायची ती दीडच तास पुरायला लागली. या बॅटऱ्या लिथियमच्या, त्या वापरल्या तरी म्हाताऱ्या होतात आणि न वापरताही होतात. त्याला इलाज नाही.

चौथी, सुनबाईंनी दिलेली बिनवायरीची जोडी, म्हणजे 'बड्स'. डबीत ठेवायची, डबीतच चार्ज होतात. आवाजाला आठ. पण माझ्या हातांना त्या फार लहान. एक तर गोठ्यात वाकताना कानातून पडली ती थेट गव्हाणीत. म्हशीने कडब्याबरोबर गिळली की काय म्हणून मी दोन दिवस म्हशीकडे संशयाने बघत होतो. तिसऱ्या दिवशी शेणखताच्या पाटीजवळ सापडली, पुसली, आणि वाजली! टिकाऊपणाचे दोन गुण वाढवले. मात्र यातली बॅटरी हरभऱ्याएवढी. ती म्हातारी झाली की आपल्याकडे कुणी बदलून देत नाही, अख्खी जोडीच टाकावी लागते. आणि एक हरवली की उरलेली विधुर. (हलके घ्या.)

पाचवा, मुलाने वाढदिवसाला पाठवलेला महागाचा. किंमत त्याने सांगितली नाही, आणि मी विचारली नाही. याची वायर दोन्ही बोंडांपासून सुटी होते. तुटली तर फक्त वायर बदलायची. टिकाऊपणाच्या दृष्टीने यासारखी अक्कल मी दुसरीकडे पाहिली नाही. याच्या आतलं यंत्रही वेगळं. साध्या ईअरफोनमध्ये छोटा पडदा असतो, त्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक, म्हणजे मोठ्या स्पीकरचंच बाळ. या महागाच्यात मात्र चुंबकांच्या मधोमध तोललेली एक बारीक पट्टी हलते. बोलणं याच्यात फार स्पष्ट येतं. पुलंच्या बोलण्यातला श्वास घेतलेलाही कळला. आवाजाला नऊ.

आता शेऱ्याचा रकाना. इथेच खरी गोष्ट आहे.

दुसऱ्या ईअरफोनच्या शेऱ्यात मी लिहिलं होतं, "डावा कमी वाजतो." दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी. त्याने स्वतःच्या मोबाईलला लावला, दोन्ही कानांत घालून ऐकला, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, बदलून देतो." बदलून दिलेल्याचंही तेच. पुन्हा गेलो. या वेळी माझा आवाज जरा चढला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "अरे, निदान शिकवणाऱ्याला तरी खराब माल देऊ नये." तो काही बोलला नाही. पुन्हा नवीन दिला, आणि पैसेही घेतले नाहीत.

नेकबँडच्या शेऱ्यात, "डावा थोडा कमी." बड्सच्या शेऱ्यात, "डावीकडून आवाज दबका. कंपन्या डाव्या बाजूला हलका माल घालतात की काय?" महागाच्याही शेऱ्यात, "इतके पैसे घालूनही डावा कमीच." आणि तानपुऱ्याच्या पेपरात पाचही जणांना एकच शेरा, "जवारी येत नाही." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून तार अशी लावतात की ती घोडीला हलकेच घासत राहते. त्यातून जो झणझणता, चमकदार नाद उठतो ती जवारी. जवारी नसली की तानपुरा म्हणजे नुसती टण्ण् टण्ण्.

हे शेरे मी एकाखाली एक लिहीत गेलो. चाळीसेक वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस. पाच मुलांनी एकच चूक एकाच ठिकाणी केली तर मास्तरने काय समजायचं? एक तर कॉपी, नाहीतर प्रश्नच चुकीचा. वर्गात हे मला लगेच कळलं असतं. इथे सहा वर्षं कळलं नाही.

कळलं ते नातीमुळे. दिवाळीच्या सुट्टीत आली होती, नववीत आहे. मी महागाच्या ईअरफोनबद्दल कुरकुर करत होतो. तिने आधी बोंडांवरची रबरं काढली. आत जाळी असते, त्यात कानाचा मळ बसतो आणि त्या बाजूचा आवाज दबतो. तिने मऊ ब्रशने जाळी झाडली. मी ऐकलं. डावा कमीच. मग तिने मोबाईलच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचा तोल कुणाकडे झुकला आहे का ते बघितलं. काटा बरोबर मध्यावर होता. मग सहज म्हणाली, "आजोबा, उलटे घाला ना. डाव्याचं उजव्यात."

घातले. आता 'उजवा' कमी वाजत होता.

म्हणजे जे बोंड डाव्या कानात गेलं ते आपोआप कमी वाजू लागलं होतं, आणि इतकी वर्षं ज्याला मी नावं ठेवत होतो ते बोंड उजव्या कानात छान वाजत होतं. नात हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

आमच्या शेजारी खोडदला ती प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, मध्यभागी १४ आणि बाकीच्या तीन बाजूंना लांबपर्यंत पसरलेल्या. येता-जाता त्या आम्हाला दिसतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन बघायला मुलांना घेऊन जायचो. तिथे एक गोष्ट ऐकली होती. आकाशातून येणारा संकेत मोजायच्या आधी आणि मधून मधून तबकड्या अशा एका रेडिओ स्रोताकडे वळवतात, ज्याची तीव्रता आधीच ठाऊक आहे. तिथे चुकीचं मोजमाप आलं तर चूक आकाशात नाही, आपल्या यंत्रात. मी ते मुलांना घरी जाताना एसटीत पुन्हा समजावून सांगितलं होतं. आणि स्वतःच्या कानाला मात्र कधी ओळखीच्या ताऱ्याकडे वळवलं नाही. कारण माझ्या हिशोबी माझे कान हेच मोजमाप होतं!

मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डाव्या कानातून जो मळ काढला त्याचं वर्णन इथे करत नाही, जेवणाची वेळ असेल. त्याने बराच फरक पडला. पण पूर्ण नाही. मग एका बंद खोलीत बसवून श्रवणचाचणी घेतली. बारीक बारीक नाद ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. खर्जातल्या २५० हर्ट्झपासून वर ८००० पर्यंत. नंतर आलेखाचा कागद हातात दिला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. जगभर हीच पद्धत आहे म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर फुल्या मारल्या, आता स्वतःच्या मिळाल्या. गोल आणि फुल्या डावीकडे ठीक वर होत्या, २००० च्या पुढे दोन्ही घसरत खाली जात होत्या. फुल्या जास्त खाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात जन्मतः पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. तेवढ्यावर आयुष्यभराचा कारभार. माणसाच्या त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वरच्या पट्टीचे बारीक नाद टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात आणि वयाबरोबर आधी त्याच जातात. म्हणजे तानपुऱ्याची जवारी, टाळांची किणकिण, आणि बोलण्यातली व्यंजनं.

मी भाषेचा मास्तर, त्यामुळे हे शेवटचं मला चांगलंच लागलं. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत, जोरकस. ते ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत, हवेसारखी हलकी. ती विरून जातात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला 'ऐकू येतं पण कळत नाही'. सौ. म्हणते "साखर संपली", मी ऐकतो "भाकर संपली" आणि म्हणतो, मग भात वाढ. ती बिचारी गेली चार वर्षं सांगत होती, "तुम्हाला ऐकू कमी येतं." मी म्हणायचो, "तू पुटपुटतेस." म्हणजे इथेही मी बोंडालाच दोष दिला होता.

त्या रात्री झोप आली नाही ती मात्र वेगळ्या कारणाने. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. शुद्धलेखन घालताना तो नेहमी चुकायचा. 'शेत' सांगितलं तर 'पेत' लिहायचा. सगळ्या चुका अशाच, व्यंजनांच्या. काना-मात्रा मात्र बरोबर. माझा शेरा वहीत असायचा, "लक्ष नाही." शिक्षा म्हणून मी त्याला मागच्या बाकावर बसवलं. मागच्या! आज तो आलेख हातात धरल्यावर वाटलं, त्याला पहिल्या बाकावर बसवायला हवं होतं, आणि त्याच्या आईवडिलांना एकदा कान दाखवून आणा म्हणायला हवं होतं. त्याचे कान खरंच कमी होते का, ते आता मला कधी कळणार नाही. पण तपासायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही, एवढं नक्की. जे शिक्षक हे वाचत असतील त्यांनी वर्गातली अशी एखादी वही पुन्हा उघडून बघा. चुका कुठल्या अक्षरांच्या आहेत ते बघा.

असो. आता पुढचं.

डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "आवाज किती ठेवता?" मी गप्प. कारण डावा कमी वाजतो म्हणून मी आवाज वाढवत गेलो होतो. त्या वाढलेल्या आवाजाचा मारा चांगल्या उजव्या कानावर होत होता. हँड्सफ्री खराब आहे अशा समजुतीत मी उरलेला कान खराब करायला निघालो होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब त्यांनी सांगितला. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबल केला की आठवड्याला फक्त ४ तास. आवाज थोडा वाढला की सोसायची मुदत झपाट्याने कमी होते, कारण दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते. लहान मुलांसाठी तर मर्यादा ७५ डेसिबल. आमच्याकडे यात्रेतले कर्णे आणि आता डीजेच्या भिंती. त्यासमोर उभं राहून नाचणाऱ्या पोरांना हा हिशोब कोण सांगणार? ('कर्णा' म्हटलं की मला नेहमी 'कर्ण' म्हणजे कानच आठवतो. तोच कानाच्या मुळावर उठला.)

उगाच चार रुपये जास्त खर्चा असं मी सांगत नाही, पण रबर घट्ट बसणाऱ्या ईअरफोनचा एक फायदा या हिशोबात आहे. बाहेरचा गोंगाट आत येत नाही, त्यामुळे आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. एसटीत पोकळ बोंडांचा ईअरफोन घातला की इंजिनाशी स्पर्धा करत आवाज वाढवावा लागतो. मात्र हाच फायदा आमच्या जुन्नर तालुक्यात तोटाही आहे. पहाटे उसाच्या कडेने फिरायला जाताना दोन्ही कान बंद करून जाणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि बाहेर उसातही त्यांची कमतरता नाही. इथे अंधारात चालताना उलट मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून चालायचं, म्हणजे जनावराला माणसाची चाहूल लागते. तेव्हा फिरताना गाणं खिशात आणि उघड्यावर, कानातलं फक्त घरात. हा नियम सौ.चा, आणि या वेळी मी तो नीट ऐकला.

आता मला कानाचं यंत्र लागलं आहे. सध्या सवय करतोय. पहिल्या दिवशी पानांची सळसळ आणि पोहे भाजल्याचा आवाज इतका मोठा वाटला की मी दचकलो. तानपुरा लावून बघितला. जवारी पूर्ण नाही आली, पण आहे हे कळलं. दहापैकी सहा. मग एक गोष्ट वाचनात आली आणि बरं वाटलं. त्या महागाच्या ईअरफोनमध्ये जी तोललेली पट्टी आहे, ती मुळात कानाच्या यंत्रांत वापरायची. अमेरिकेत १९९१ साली मीड किलियन या श्रवणशास्त्रज्ञाच्या कंपनीने तीच पट्टी घालून गाणं ऐकायचा ईअरफोन काढला. पुढे १९९५ मध्ये जेरी हार्वे नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एका रॉक बँडच्या ड्रमवाल्यासाठी तसा कानात बसणारा ईअरफोन बनवला, कारण त्याच्या रंगमंचावर आवाज फार मोठा व्हायचा. म्हणजे आज तरुण पोरं हजारो रुपये देऊन मिरवतात ते बहिऱ्यांच्या यंत्राचंच भावंडं आहे. मला यंत्र लावायची जी थोडी लाज वाटत होती ती तिथेच गेली.

राहता राहिलं एक काम. ते सगळ्यात अवघड. शनिवारच्या बाजाराला नारायणगावला गेलो, तेव्हा विद्यार्थ्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं असतानाच गेलो, कारण बोललो होतो ते चार माणसांत. म्हणालो, "तुझे तिन्ही हँड्सफ्री चांगले होते. माझा डावा कान खराब निघाला." आणि दोन ईअरफोनचे पैसे काउंटरवर ठेवले.

त्याने पैसे परत सरकवले. म्हणाला, "सर, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दोन्ही बाजू व्यवस्थित वाजत होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

तो जरा घुटमळला. म्हणाला, "तुम्हाला कसं सांगायचं, सर?"

मी त्यावर काही बोललो नाही. वर्गात मी त्यांना सारखं सांगायचो, शिक्षकाचं चुकलं तर हात वर करा. सांगायचो खरा, पण हात वर केल्यावर माझा चेहरा कसा व्हायचा ते त्याच्या लक्षात राहिलं असणार. पैसे शेवटी घ्यायला लावले. त्याने त्यातून चहा मागवला. मग जुन्या सवयीने म्हणाला, "सर, एक नवीन मॉडेल आलंय, ऐकून बघता?"

ऐकलं. आधी उजव्याचं डाव्यात घालून, मग सरळ.

वही अजून चालू आहे. रकान्यांच्या आधी आता एक नवा रकाना आखला आहे, 'ऐकणाऱ्याची तपासणी केली का?' तुम्हीही करा. चार पायऱ्या आहेत. जाळी साफ करा, मोबाईलमधला तोल बघा, दुसऱ्या मोबाईलला लावून बघा, आणि उलटे घालून बघा. उलटं घातल्यावर दोष बोंडाबरोबर गेला तर दुकानात जा. दोष कानाशीच राहिला तर दुकानदारावर चिडू नका, डॉक्टरांकडे जा. घरात कुणी "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हणत असेल, तर ती पाचवी पायरी समजा. खरं तर पहिली.

फारच लांबलं. सौ. हाक मारतेय असं वाटतं. या वेळी खरंच मारतेय.